बाटलीचं रॉकेट: इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेच्या नोंदी (जून ते ऑगस्ट २०२५)

२१ जून, शनिवार

२३ ऑगस्टला राष्ट्रीय अंतराळ दिन आहे. २०२३ साली त्या दिवशी संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चंद्रयान-३चं विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरलं होतं. गेल्या वर्षी आम्ही थर्माकोलचं यान, तीन चार्ट आणि पाच भाषणं केली. भाषणं चालू असताना नववीची पोरं मागे बसून बेंचवर नावं कोरत होती. यंदा काहीतरी उडवायचंच, असं मुख्याध्यापकांना सांगून टाकलं.

बेत असा: थंड पेयाच्या सव्वादोन लिटरच्या बाटलीत थोडं पाणी, वर पंपानं दाबलेली हवा, तोंड खाली, आणि सोडून द्यायचं. फटाक्याची दारू नाही, आग नाही. सामान तालुक्यात मिळेल तेवढंच वापरायचं. व्हिडिओ ढीगभर सापडतात, पण त्यातलं सामान आपल्याकडच्या दुकानात त्याच नावानं मागितलं तर भलतंच हातात पडतं. म्हणून या नोंदी लिहून ठेवते आहे.

मुलांना विचारलं, रॉकेट वर का जातं? जवळजवळ सगळ्यांचं एकच उत्तर: खालची हवा जमिनीला ढकलते म्हणून. आज दुरुस्त केलं नाही. मैदानात बघू.

२५ जून, बुधवार

पाइपानं घोळ घातला आहे. लाँचरचा, म्हणजे रॉकेट सोडायच्या स्टँडचा, पाइप बाटलीच्या तोंडात घट्ट, तरी सरकता बसायला हवा. बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास पावणेबावीस मिलिमीटरच्या आसपास असतो. व्हिडिओत ‘अर्धा इंची पीव्हीसी’ म्हणतात, म्हणून मी दुकानात अर्धा इंची मागितला. मिळाला सीपीव्हीसी, गरम पाण्याच्या लाइनचा. त्याचा बाहेरचा व्यास जेमतेम १६ मिलिमीटर, बाटलीत खुळखुळा वाजतो. परत जाऊन शेतीचा पांढरा पाइप घेतला, तो बरोबर २० मिलिमीटर. हाही सैल. टेप गुंडाळून बसवायचा प्रयत्न केला, दहा पाउंड दाबावरच (दर चौरस इंचाला) टेपमधून हवा फुसफुसली. कापलेले पाइप दुकानदार परत घेत नाही, त्यामुळे दोन्हींचे पैसे गेले.

आज दुपारी १२ वाजून १ मिनिटांनी फ्लोरिडाहून फाल्कन-९ रॉकेट उडालं, भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्लांना घेऊन. मधल्या सुट्टीत पोरांना प्रोजेक्टरवर दाखवलं. हे उड्डाण आधी अनेकदा पुढे ढकललं गेलं होतं. त्यातलं एक कारण म्हणजे रॉकेटमध्ये सापडलेली द्रव ऑक्सिजनची गळती. आमची टेपची गळती तेव्हा नुकतीच झाली होती, त्यामुळे पोरांना ही बातमी फार जवळची वाटली.

१ जुलै, मंगळवार

तुकोबांची पालखी तालुक्यातून पुढे गेली. तोवर दुकानं, रस्ते, मुलं सगळं वारीत होतं. कामाला हात लागला नाही आणि लागावा असंही कुणाला वाटलं नाही.

पाइपाचा प्रश्न तात्यांनी सोडवला. तात्या म्हणजे आमच्या शिपाईमामांचे थोरले भाऊ. वालचंदनगरच्या कारखान्यात टर्नर होते, आता घराशेजारच्या शेडमध्ये जुना लेथ टाकून बसलेत. त्यांनी सगळं आयुष्य साखर कारखान्यांच्या यंत्रांत काढलं, पण त्याच कारखान्यात इस्रोच्या रॉकेटांची मोटर केसिंग्जही बनतात. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचं असं केसिंग २.८ मीटर व्यासाचं असतं आणि त्यात सुमारे १३९ टन घन इंधन भरलेलं असतं. तात्यांनी ती लांबूनच बघितली. पण बोलताना “आपण बनवलेली” असंच म्हणतात.

त्यांनी माझे दोन्ही पाइप हातात घेतले, बाजूला ठेवले आणि विचारलं, “प्लास्टिकच्या पाइपात हवा भरणार? फुटला तर काचेसारखे तुकडे उडतील. पोरं जवळ असतील ना?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाण्याच्या दाबासाठी बनवलेला पीव्हीसी पाइप दाबलेल्या हवेखाली फुटला तर स्फोट होतो, कारण दाबलेली हवा स्प्रिंगसारखी ताकद साठवून बसते. पाणी तसं साठवत नाही. हे कुठल्याच व्हिडिओत ठळक सांगितलेलं नव्हतं. ज्यांना एवढंच वाचून पुढे जायचं असेल त्यांनी हे मात्र वाचा: लाँचर पीव्हीसीचा करू नका.

तात्यांचा उपाय: अर्धा इंची जीआय, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पाइप. त्याचा बाहेरचा व्यास साधारण २१.३ मिलिमीटर. बाटलीत असा बसतो की जणू तिच्यासाठीच केला आहे. फूटभर तुकडा भंगारातून फुकट मिळाला. तात्यांनी लेथवर एक खाच पाडली आणि त्यात मोटरसायकलच्या सामानातली ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडं, बसवली. रिंगला ग्रीस न लावता साबणाचं पाणी लावा, ग्रीसनं बाटली चिकट होते आणि पोरांचे कपडेही.

५ जुलै, शनिवार

आज लाँचर उभा केला. खालून वर असा: अँगलचा चौकोनी स्टँड, त्यावर टी (पाइपाचा तीन तोंडांचा जोड), टीच्या एका तोंडाला उभा पाइप, उरलेल्या दोन्हींना बंद कॅप, आणि एका कॅपला भोक पाडून कारचा ट्यूबलेस व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह पंक्चरवाल्यानं बसवून दिला, पैसे घेतले नाहीत, उडवताना बोलवा म्हणाला.

बाटली धरून ठेवायला केबल टाय. पाइपाभोवती गोल रांगेत टाय उभे लावायचे, त्यांची डोकी बाटलीच्या मानेवरच्या कड्याला वरून अडकतील असे, आणि खाली सगळे जुबली क्लिपनं, म्हणजे स्क्रूच्या गोल पट्टीनं, आवळायचे. मग टायच्या डोक्यांवरून एक सैलसर नळकांडं चढवायचं. नळकांडं वर असेपर्यंत टाय बाहेर फाकू शकत नाहीत, बाटली अडकलेली राहते. दोरीनं नळकांडं खाली ओढलं की टाय फाकतात आणि बाटली सुटते. सगळ्या यंत्राचा जीव या नळकांड्याच्या मापात आहे. मी ६३ मिलिमीटरच्या पाइपाचा तुकडा घेतला होता, घरात पडलेला.

आट्यांना टेफलॉन टेप लावूनही गळत होतं. प्लंबरनं सफेदा आणि धागा लावून परत आवळलं तेव्हा थांबलं. गळती शोधायला साबणाचा फेस लावा. कान लावून शोधत बसू नका, दाब असलेल्या भांड्याजवळ तोंड न्यायचंच नाही.

बाटल्यांची परीक्षा पाण्यानं घेतली. बाटली काठोकाठ पाण्यानं भरायची, हवा अगदी थोडी ठेवायची आणि मग दाब द्यायचा. फुटली तरी पाणी सांडतं, तुकडे उडत नाहीत. तात्या म्हणाले, रॉकेटच्या केसिंगलाही आधी पाण्याचाच दाब देतात, नंतरच इंधन. दोन मुलांनी पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या आणल्या होत्या. त्या ३० पाउंडांवरच फुगून वाकड्या झाल्या. त्या बाटल्या दाब सहन करायला बनवलेल्याच नसतात. सोड्याच्या, फसफसणाऱ्या पेयाच्याच बाटल्या घ्या. त्या ९० पाउंडांपर्यंत शांत राहिल्या. आम्ही ६० ही मर्यादा ठरवली आणि पंपाच्या मीटरवर लाल खूण केली.

१२ जुलै, शनिवार

पहिलं उड्डाण आमच्या परवानगीशिवाय झालं.

बाटलीत पाणी, पंप चालू, ३० पाउंड. पोरं चुन्याच्या रेघेमागे. मोजणी अजून सुरूसुद्धा झाली नव्हती आणि फट्ट करून बाटली गेली. ६३चं नळकांडं इतकं सैल होतं की टाय आतल्या आत फाकले. कुणाला लागलं नाही, कारण रेघेच्या नियमावर मी आधीच भांडून झाले होते. पंप मारणारा मात्र जवळ होता, म्हणजे मीच, नखशिखांत भिजले. पंपाची नळी तिथल्या तिथे लांब केली, आता पंप लाँचरपासून लांब, कंपाउंडच्या आडोशाला.

नळकांडं ५० मिलिमीटरच्या शेतीच्या पाइपाचं कापलं. ते बरोबर बसतं: हातानं सरकतं, पण टायला जागा देत नाही. कडा आतून कानशीनं गोल करा, नाहीतर ऐन वेळी अडकतं.

दुसरं एक: पाणी पाइपातून खाली येऊन पंपापर्यंत पोचलं. पंपात पाणी गेलं, मीटरचा काटा हलेना. पंप उघडून वाळवण्यात दुपार गेली. पाइप बाटलीत पाण्याच्या पातळीच्या वर टोक निघेल इतका लांब ठेवायचा, मग पाणी खाली येत नाही. बाटली चढवताना स्टँड आडवा करायचा, बाटली सरकवायची आणि मग दोन्ही एकदम उभे करायचे. हे एकदा जमलं की हात बसतो.

दुपारनंतरचं उड्डाण ठरवल्याप्रमाणे झालं. सुटलं सरळ, दोन मजले वर गेलं आणि तिथे कोलांट्या घ्यायला लागलं. पाणी मैदानभर, बाटली शेजारच्या उसात.

१९ जुलै, शनिवार

कोलांट्यांवर सगळा आठवडा गेला.

पोरांचा पहिला उपाय असा की शेपटीला वजन लावू, म्हणजे खालची बाजू खालीच राहील. ऐकायला पटतं. मलाही पटलं असतं, पण रॉबर्ट गोडार्डची गोष्ट आठवली. १६ मार्च १९२६ रोजी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्नला त्यानं द्रव इंधनावरचं जगातलं पहिलं रॉकेट उडवलं. त्यानं इंजिन वर ठेवलं होतं आणि टाक्या खाली, की वरून ओढलं तर रॉकेट सरळ राहील. तसं होत नाही. जोर रॉकेटच्याच अंगाला बांधलेला असतो, रॉकेट कललं की जोरही कलतो. पुढच्या रॉकेटांत गोडार्डनं इंजिन खाली आणलं.

सरळ राहायचं तर वजनाचा मध्य पुढे आणि हवेच्या जोराचा मध्य मागे हवा. म्हणजे वजन नाकात, पंख शेपटीत. आमच्या बाटलीत उलट होतं: पाणी निघून गेल्यावर जड भाग तोंडाशी, म्हणजे खाली.

नाकाला अर्धा कापलेला टेनिस बॉल, आत शाडूची माती. शाडू अंदाजानं घालू नका, वजनकाट्यावर मोजून घाला. जास्त झाला तर उंची जाते, कमी पडला तर कोलांट्या.

पंखांसाठी पुठ्ठा वापरला, तो एकदा भिजला आणि लोळला. मग सनपॅक शीट. निवडणुकीचे जुने बोर्ड गावात कुठेही मिळतात. एका उमेदवाराचा अर्धा चेहरा आमच्या तिसऱ्या पंखावर आहे, मुख्याध्यापकांनी तो रंगवून घ्यायला लावला. पंख बाटलीला चिकटवण्यावर मात्र फार वेळ वाया गेला. गरम गोंदाच्या बंदुकीनं बाटली आकसते. पॉलिश पेपरनं घासून चिकटवलं तर पकड चांगली बसते, पण घासलेल्या जागी बाटली कमजोर होते आणि दाबाखाली तीच जागा आधी जाते. शेवटी दुसऱ्या बाटलीचा मधला सरळ भाग कापला, पंख त्याला लावले आणि ती बाही मूळ बाटलीवर चढवून टेप मारली. दाबाच्या बाटलीला गोंद, ओरखडा काही नाही. बाटली बदलली तरी पंख तेच राहतात.

परीक्षा सोपी आहे. रॉकेट ज्या जागी समतोल राहतं तिथे दोरा बांधायचा आणि डोक्यावरून गोल फिरवायचं. नाक पुढे ठेवून फिरलं तर ठीक. आडवं किंवा शेपटी पुढे करून फिरलं तर उडवायचं नाही.

कुणीतरी विचारलं, मोठ्या रॉकेटला पंख का दिसत नाहीत? कारण तिथे नॉझलमधून, म्हणजे खालच्या तोंडातून, निघणाऱ्या झोताचीच दिशा बदलतात. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात तर झोताच्या एका बाजूला स्ट्रॉन्शियम परक्लोरेटचं द्रावण सोडतात, झोत कलतो आणि रॉकेट वळतं. हे मुलांना फळ्यावर सांगून समजलं नाही. बादलीतल्या नळीचा झोत बोटानं वळवून दाखवला तेव्हा समजलं.

२६ जुलै, शनिवार

आज प्रयोगाचा दिवस. त्याआधी पालकसभा होती, त्याबद्दल खाली.

दाब सगळीकडे ६० पाउंड, बदल फक्त पाण्यात. नुसती हवा: फट्ट आवाज, शाळेच्या पत्र्यापेक्षा थोडं वर जाऊन परत. पाऊण लिटर, म्हणजे तिसरा हिस्सा पाणी: बाटली डोळ्यांना दिसायच्या आत वर. पावणेदोन लिटर पाणी: सुस्तावल्यासारखं उठलं, शेवग्याएवढं गेलं आणि उरलेलं पाणी घेऊनच खाली आदळलं. त्या बाटलीत हवेला जागाच उरली नव्हती. ती पसरली आणि सगळं पाणी बाहेर पडायच्या आधीच तिचा दाब संपला.

‘जमिनीला ढकलतं’ या समजाचा निकालही आज लावायचा होता. एका मुलीनं युक्ती सुचवली: जमिनीला ढकलत असेल तर उंचावरून सोडल्यावर कमी उडायला हवं. स्टँड वर्गातल्या बाकावर ठेवला, बाक मैदानात. उंचीत काही फरक नाही. मग बाकावर बाक. तरीही नाही. (बाकांवर बाक हा उद्योग परत करायचा नाही, असं शिपाईमामांनी बजावलं आहे.)

मग हिशेब मांडला. ६० पाउंडांना पाणी बाटलीच्या तोंडातून सेकंदाला साधारण २८ मीटर वेगानं निघतं. त्या क्षणी बाटलीला वर मिळणारा जोर सुमारे ३० किलो वजन उचलण्याइतका, आणि भरलेली बाटली स्वतः किलोभरसुद्धा नाही. सगळं पाणी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत बाहेर पडतं. हवा हलकी, म्हणून नुसती हवा फेकून फार काही मिळत नाही. पाणी जड, ते जोरात मागे फेकलं की बाटलीला पुढे जावंच लागतं. बाहेर हवा असो, जमीन असो, काही नसो. गोडार्ड पोकळीत रॉकेट चालेल म्हणाला तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सनं १३ जानेवारी १९२० रोजी त्याची टर उडवली होती, की ढकलायला समोर काही नको का? अपोलो-११ उडाल्यानंतरच्या दिवशी, १७ जुलै १९६९ रोजी, त्यांनी चूक मान्य करणारा मजकूर छापला. आमच्या नववी ‘ब’नं ते एका दुपारीत मान्य केलं.

आता पालकसभा. रॉकेटचा विषय निघाल्यावर एका डाळिंबवाल्या पालकांनी सरळ विचारलं, “मॅडम, पोरांना शिकवा, चांगलंच आहे. पण चंद्रावर जाऊन काय मिळालं? तेवढ्या पैशात नीरेच्या कालव्याचं अस्तर झालं असतं.” सभेत हशा पिकला, पण प्रश्न चेष्टेचा नव्हता. चंद्रयान-३चा खर्च सहाशे कोटींच्या घरात होता.

अशा वेळी आपण पटकन हवामानाच्या उपग्रहांकडे वळतो. मीही वळले. मे महिन्याच्या अखेरीला बारामती-इंदापुरात झालेला पाऊस, इन्सॅट-३डीआर आणि ३डीएसवरून येणारी ढगांची चित्रं, फवारणीच्या आधी हेच पालक मोबाइलवर काय बघतात ते. सगळ्यांनी माना डोलावल्या. ते मात्र म्हणाले, “ते खाली बघणारे झाले. मी चंद्राचं विचारतोय.”

बरोबर पकडलं त्यांनी. ही दोन वेगळी कामं आहेत आणि आपण एकाच्या पुण्यावर दुसरं खपवतो. विक्रम साराभाईंनी तर सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं होतं की चंद्र, ग्रह किंवा माणसं पाठवण्यात श्रीमंत देशांशी स्पर्धा करण्याची आपली कल्पना नाही. तंत्रज्ञान आपल्या माणसांच्या अडचणींवर वापरायचं आहे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातल्या थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं तेही वरच्या हवेचा अभ्यास करायला. मग चंद्र कशाला? मी सांगितलं ते असं: तिथे काय आहे ते माहीत नाही म्हणून. चंद्रयान-१ गेलं २००८ मध्ये, आणि त्यावरच्या नासाच्या उपकरणानं चंद्राच्या मातीत पाण्याच्या खुणा दाखवल्या. तोवर चंद्र कोरडाठाक मानत होते. चंद्रयान-३च्या विक्रम लँडरनं मातीत तापमापी खुपसली. पृष्ठभागावर पन्नासच्या वर, आणि फक्त ८ सेंटीमीटर खाली उणे १० अंश.

“आठ सेंटीमीटरात?” ते म्हणाले. मग बराच वेळ मल्चिंग पेपरच्या खालची माती किती गार राहते यावर आमचं बोलणं झालं. कालव्याचं अस्तर व्हायलाच हवं, यावर माझंही दुमत नाही. तसं मी म्हटलंही.

३० जुलै, बुधवार

शाळा सुटल्यावर थांबलो. संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-एफ१६ रॉकेट निसार उपग्रह घेऊन उडालं. नासा आणि इस्रोचा मिळून केलेला रडार उपग्रह: वजन २,३९२ किलो, १२ मीटर व्यासाची जाळीदार अँटेना, ७४७ किलोमीटर उंचीवरून दर १२ दिवसांनी तीच जमीन परत बघणार, ढग असोत की रात्र. जमिनीचा ओलावा, खचणं, पिकं. डाळिंबवाल्यांच्या मुलानं घरी फोन लावून सांगितलं, हा खाली बघणारा आहे.

एक आकडा मुलांनी स्वतः काढला. उड्डाणाच्या वेळी जीएसएलव्हीचं वजन सुमारे ४२० टन. उपग्रह अडीच टनही नाही. चंद्रयान-३ घेऊन गेलेलं एलव्हीएम-३ सुमारे ६४० टनांचं, यान ३.९ टनांचं, आणि त्यातला चंद्रावर फिरलेला प्रज्ञान रोव्हर २६ किलोचा. बाकी सगळं फेकायचं इंधन आणि टाकून द्यायच्या टाक्या. यानंतर टेपचा प्रत्येक वेढा कुणीतरी मोजायला लागलं. शाडू तीन वेळा कमी केला गेला, शेवटी दोऱ्याच्या परीक्षेत नापास झाल्यावर परत वाढवला.

मे महिन्यात, १८ तारखेला, पीएसएलव्ही-सी६१ तिसऱ्या टप्प्यात अपयशी ठरलं होतं, तेही सांगितलं. इतक्या वर्षांचं भरवशाचं रॉकेट. १९७९चं पहिलं एसएलव्ही-३ समुद्रात पडलं, पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८०ला रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. मुलांना यश ऐकताना जांभया येतात, अपयश ऐकताना पुढे सरकून बसतात. मलाही तसंच होतं.

१० ऑगस्ट, रविवार

पॅराशूटनं आमचा पराभव केला आहे.

कचऱ्याच्या काळ्या पिशवीचं आठकोनी छत्र, आठ दोरे, नाकाच्या टोपीखाली घडी करून. टोपी सैल ठेवायची, म्हणजे वर पोचल्यावर ती पडेल आणि छत्र उघडेल. प्रत्यक्षात पाणी संपताच, म्हणजे वेग सगळ्यात जास्त असताना, टोपी निघते. कारण लक्षात यायला वेळ लागला: जोर संपल्यावर हवा बाटलीला मागे खेचते, पण जड टोपीला तेवढं खेचता येत नाही, ती पुढे निघून जाते. छत्र भर वेगात उघडलं आणि पिशवी मधोमध फाटली. टोपी घट्ट केली तर शेवटपर्यंत सुटत नाही, रॉकेट नाकावर आपटतं. जाड दोरे, कापडी छत्र, टोपीला रबर, सगळं झालं. छत्रीच्या कापडाचं चांगलं होतं, पण मुळात प्रश्न कापडाचा नाही, वेळेचा आहे. ठरावीक क्षणी टोपी उडवणारी यंत्रणा लागेल.

२३ तारखेसाठी पॅराशूट नाही असं ठरवलं. नाक मऊ बॉलचं आहेच, मैदान मोकळं ठेवू.

१६ ऑगस्ट, शनिवार

उंची मोजायला कोनमापकाला दोरा आणि नट बांधला. लाँचरपासून ५० मीटरवर उभं राहून नळीतून रॉकेटच्या सर्वात वरच्या जागेकडे बघायचं आणि दोरा चिमटीत पकडायचा. एका बाजूनं मोजलं की वाऱ्यानं फसवणूक होते. रॉकेट मोजणाऱ्याकडे वाहून आलं तर उंची उगाच वाढते. दोन मुलं समोरासमोर, दोन्हींची सरासरी. ६० पाउंड, पाऊण लिटर, वारा कमी: कोन ४२ अंशांच्या आसपास, म्हणजे साधारण ४६ मीटर. गोडार्डचं पहिलं रॉकेट साडेबारा मीटर गेलं होतं, हे कळल्यावर जो आरडाओरडा झाला तो बाजूच्या शाळेत ऐकू गेला. त्यानं पेट्रोल आणि द्रव ऑक्सिजन वापरला होता आणि त्याआधी ते कुणी केलंच नव्हतं, हे सांगून थोडा उत्साह कमी केला.

बाटल्यांच्या मानेपाशी पांढऱ्या रेषा दिसायला लागल्यात. तशी बाटली लगेच बाद. एक मुलगा ‘अजून एकदा’ म्हणत होता, तिला कात्रीनं कापून टाकली.

२३ ऑगस्ट, शनिवार

आठवडाभर पाऊस, मैदान चिखल. सकाळी उघडीप मिळाली. स्टँडखाली फरशा टाकल्या, तरी पहिल्यांदा कलला आणि ते उड्डाण रद्द केलं. पाहुणे खोळंबले. मुलांनी तितक्या वेळात आपणहून लाइन धरली, पातळी बघायला पाण्याची नळी आणली, फरशा परत बसवल्या. मला काही सांगावं लागलं नाही.

पाच बाटल्या उडाल्या. पंक्चरवाला आला होता, पंप त्यानंच मारला. तात्या खुर्चीवर बसून दर वेळी नळकांड्याकडे बघत होते, वर नाही. चौथी बाटली वाऱ्यानं रस्त्याकडे गेली, कंपाउंडच्या आत पडली, पण थोडक्यात. पुढच्या वेळी वाऱ्याच्या दिशेला उलट कल द्यायचा किंवा वारा असेल तर थांबायचं. चारचौघांसमोर थांबायला जमत नाही, ही अडचण खरी आहे.

डाळिंबवाले पालक उभे होते. त्यांनी फक्त एवढं विचारलं, दाब ९० केला तर? तात्यांनी माझ्या आधी “नाही” म्हटलं.

२५ ऑगस्ट, सोमवार

खर्च, करणाऱ्यांसाठी. मीटरवाला उभा पंप ८५०, टी, कॅप, सफेदा-धागा १९०, ओ-रिंग, जुबली क्लिप, केबल टाय १४०, ५० मिलिमीटरचा तुकडा ४०, टेप, दोरा, शाडू, टेनिस बॉल २६०, वेल्डिंग २००. वाया गेलेले पाइप, सोल्युशन आणि पॅराशूटची कापडं मिळून ५३० रुपये. लेथची मजुरी तात्यांनी घेतली नाही, लाडूंचा डबा घेतला. पंप आणि वाया गेलेलं सोडलं तर बाकी सगळं हजारभरात बसतं. पंप शेजारच्या सायकलवाल्याकडून मागून आणता आला तर तेही वाचतील, पण मीटर नसलेला पंप वापरू नका.

वेळ सगळ्यात जास्त तीन ठिकाणी गेला: पाइपाचं माप, पंख चिकटवणं, पॅराशूट. पहिल्या दोन्हींची उत्तरं वर आहेत.

तिसऱ्याचं काम चालू आहे. काल इस्रोनं श्रीहरिकोट्याला माणसं अंतराळात नेणाऱ्या गगनयानाच्या पॅराशूटची चाचणी घेतली, चिनूक हेलिकॉप्टरमधून मॉड्यूलची प्रतिकृती सोडून. मुलांनी तो व्हिडिओ सकाळपासून थांबवून थांबवून बघितला: आधी छोटी छत्रं, मग मोठी. आमची दोघं नववीतली आता चावीच्या खेळण्यातली गाडी उघडून बसली आहेत. तिचं चक्र हळूहळू सुटतं, त्यावर टोपीचा रबर अडकवला तर दोन सेकंदांनी सुटेल असा त्यांचा अंदाज आहे. चावीचं यंत्र किती ग्रॅमचं आहे ते आधी मोजून आणा, असं सांगितलं आहे. गणपतीच्या सुट्टीनंतर बघू.